कायकाचे मोल आणि सुट्टीचा दिवस



आयदक्की मारय्या आणि त्यांच्या धर्मपत्नी लक्कम्मा यांची कथा आपणांपैकी बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक आहे. कल्याणात बसवण्णांच्या महामनेत नित्य दासोह चाले. तेथे सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक होते. कन्नडमध्ये 'अक्की' म्हणजे तांदूळ. वेचलेल्या तांदळावरून त्यांना 'आयदक्की' हे नाव पडले. त्या वेचलेल्या दाण्यांतच या दांपत्याचा संसार आणि जंगमदासोह दोन्ही चालत. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आणले. लक्कम्मांच्या ते लगेच ध्यानात आले. हे आपल्या वाट्याचे नाही, जिथले आहे तिथे ठेवून या, असे सांगून त्यांनी पतीला आल्या पावली माघारी पाठविले. मारय्या गेले आणि जास्तीचे तांदूळ ठेवून आले. शून्यसंपादनेत ही हकीकत आली आहे.

ही कथा आपण सहसा कोणाला सांगतो, याचा विचार केला आहे का? मी स्वतः ती अनेक वर्षे एकाच रीतीने सांगत आलो. गरिबाने समाधानी असावे, हाव धरू नये, मिळेल त्यात भागवावे, असा तिचा बोध मी काढीत असे. समोर पुढच्या रांगेत अडतदुकानदार, कारखानदार, संस्थाचालक बसलेले. मागे हमाल, शिपाई, भाकऱ्या थापणाऱ्या आयाबाया. कथा सर्वांनी ऐकायची आणि बोध मात्र मागच्या रांगेने घ्यायचा, असा तो प्रकार होता. पुढच्या रांगेतल्या कोणी कधी हरकत घेतली नाही, हेही सांगून टाकतो.

आता लक्कम्मांचे करणे नीट पाहा. तांदूळ अधिक आहेत याला त्यांची हरकत आहेच. परंतु दुसऱ्याचे धान्य आपल्या घरात राहते आहे, ही गोष्ट त्यांना त्याहून अधिक बोचली. उद्या देऊ, सवडीने देऊ, एवढ्यात कोण मागायला येतो आहे, असे त्या म्हणाल्या नाहीत. मग आपल्या काळात दुसऱ्याचे धान्य कोणाच्या घरात राहते? महिना भरला, काम करून झाले, अंगातला घाम वाळला, आणि त्याचे मोल अजून ज्याच्या खात्यावर पडून आहे, त्याच्या घरात. कथेचा रोख त्याच्याकडे आहे. हा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तो शिकविणारी व्यक्ती दासोहगृहातली होती.

2025 साली अक्षय्य तृतीया, म्हणजेच बसवजयंती, 30 एप्रिलला बुधवारी आली. दुसरा दिवस 1 मे. कर्नाटकात बसवजयंतीची सार्वजनिक सुट्टी असते आणि 1 मे हाही कामगार दिन म्हणून सुट्टीचा. त्यामुळे बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या बँका सलग दोन दिवस बंद राहिल्या. महाराष्ट्रात 30 एप्रिलला बँका उघड्या होत्या आणि 1 मे रोजी महाराष्ट्र दिनामुळे बंद. निपाणीचा माणूस कोल्हापूरच्या पेढीत कामाला असेल तर त्याची सुट्टी एक आणि त्याच्या पगाराची सुट्टी दुसरी, असा घोटाळा सीमाभागात नेहमीचाच आहे. हैदराबाद, इंदूर, बडोद्याकडील आपले बांधव याहून वेगळ्या यादीने चालतात. असो. योग असा की कायकाला कैलासाचे मोल देणाऱ्या शरणांच्या अग्रणीची जयंती आणि कामगारांचा दिवस एकमेकांना लागून आले, आणि महिनाअखेरचा पगार नेमका त्यांच्यात सापडला.

ज्या संस्थेच्या कामात मी आहे तिच्या पगारपत्रकाला दोघांची मंजुरी लागते. पहिली हिशेबनिसांची, दुसरी माझी. पूर्वी कागदावर सही करून पत्रक बँकेत पाठवावे लागे. आता संगणकावर यादी चढवायची आणि मोबाईलवर आलेला आकडा घालून मंजुरी द्यायची, एवढेच काम. 29 तारखेला हिशेबनीस यादी तयार करून बसले होते. मी जयंतीच्या व्याख्यानासाठी परगावी निघालो होतो. विषय होता, कायक आणि दासोह. गाडीत बसता बसता मी म्हणालो, "बँका दोन दिवस बंदच आहेत, आल्यावर करू." हिशेबनीस 'बरं' म्हणाले. 2 मे रोजी शुक्रवारी दुपारी सर्वांचे पगार जमा झाले. तीन दिवसांचा उशीर, कायद्याच्या मुदतीत, कोणाची तक्रार नाही. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी दासोहगृहात काम करणाऱ्या एक बाई मोबाईल घेऊन आल्या. जयंतीला हजारभर पानांची हुग्गी त्यांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी शिजविली होती. "अप्पा, ह्यो मेसेज कसला आलाय तेवढं बघा की. पैसं कापल्यात म्हणतंय," त्या म्हणाल्या. मी वाचले. मुलाच्या गाडीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता 1 तारखेला त्यांच्या खात्यातून आपोआप कापला जातो. 1 मे रोजी खात्यात पुरेशी शिल्लक नव्हती. हप्ता परत गेला. त्याबद्दल बँकेने 590 रुपये आकारले आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड निराळा लागणार होता. 590 रुपये ही त्यांच्या एका दिवसाच्या कायकाहून मोठी रक्कम. जयंतीच्या दिवशी पहाटे चारपासून त्यांनी चुलीपुढे उभे राहून जे मिळविले ते, आणि त्यावर थोडे आणखी, माझ्या 'आल्यावर करू' या दोन शब्दांत गेले.

मी म्हणालो, सुट्टीच्या दिवशी हप्ता कसा कापला? बँक तर बंद होती. त्यावर त्या काय बोलणार? म्हणून मीच चौकशी केली, आणि जे कळले ते आपणांपैकी पगार देणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी हप्त्याची तारीख सुट्टीवर आली तर वसुली पुढच्या कामाच्या दिवशी होत असे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात एकगठ्ठा पैसे पाठविण्याची आणि हप्ते, बिले कापण्याची 'नॅच' नावाची जी व्यवस्था आहे, ती तेव्हा बँका चालू असतील त्याच दिवशी चाले. रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2021 पासून ती आठवड्याचे सातही दिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा चालू केली. पैसे पाठविण्याची 'एनईएफटी' 16 डिसेंबर 2019 पासून आणि मोठ्या रकमांची 'आरटीजीएस' 14 डिसेंबर 2020 पासून रात्रंदिवस चालते. या सुधारणेचे स्वागतच केले पाहिजे. रविवारीही पगार जमा होऊ शकतो, म्हातारीचे निवृत्तिवेतन सणाच्या दिवशी येऊ शकते.

परंतु तिची दुसरी बाजू अशी की हप्ता कापणारे यंत्र सुट्टी घेत नाही. त्याला दिवाळी नाही, जयंती नाही. पगार देणारे यंत्रही सुट्टी घेत नाही. पण त्या यंत्राला कोणा माणसाची मंजुरी लागते, आणि तो माणूस मात्र सुट्टीवर जातो. पूर्वी दोन्ही बाजूंना कुलूप असे, म्हणून कामगाराचे निभावून जाई. आता जाणारे दार उघडे आणि येणाऱ्या दाराची किल्ली मालकाच्या खिशात. 'बँक बंद आहे' हे वाक्य आपण सवयीने बोलतो. 29 एप्रिलच्या संध्याकाळी मी ते बोललो तेव्हा तो दिवस तर मंगळवार, बँक उघडण्याचाच दिवस होता. आणि 30 तारखेला परगावच्या व्यासपीठावरून खाली उतरल्यावर मोबाईलवर दोन मिनिटांत ते काम झाले असते. अज्ञान होते हे कबूल; पण ते मला सोयीचे होते, हेही कबूल केले पाहिजे.

आपण शरणधर्मी शुभवार-अशुभवार मानीत नाही. मुहूर्त, राहुकाल, अमावास्या यांत बसवण्णांनी आपणांस अडकू दिले नाही, हे प्रत्येक अनुभावगोष्टीत आपण अभिमानाने सांगतो. मग एखाद्याचे देणे देण्याच्या वेळीच आपल्याला वार का आठवतो? घेणे असेल तर रविवारी सकाळीही वसुलीला माणूस जातो. देणे असेल तर 'सोमवारी बघू'. हा राहुकाल आपणच निर्माण केलेला आहे, आणि तो नेहमी दुसऱ्याच्या पत्रिकेत पडतो.

बसवण्णांच्या जीवनातील एका गोष्टीकडे येथे लक्ष वेधतो. मंगळवेढे येथे बिज्जळाच्या पदरी त्यांनी जी चाकरी धरली ती हिशेबाची, करणिकाची. पुढे कल्याणात ते भांडारी झाले. 'भक्तिभांडारी' म्हणून आपण त्यांचा गौरव करतो, परंतु त्याआधी ते खरोखरीच्या खजिन्याचे भांडारी होते, दुसऱ्याची नाणी मोजून ठेवणारे आणि मोजून देणारे. पाल्कुरिकी सोमनाथाच्या बसवपुराणात कथा आहे की राजभांडारातले धन बसवण्णा जंगमांवर उधळतात अशी चहाडी बिज्जळाकडे झाली. मोजदाद झाली, आणि खजिन्यात काहीही कमी निघाले नाही. ही कथा चमत्कार म्हणून सांगतात. सांगोत. मला ती हिशेबनिसाची कथा वाटते. ज्याच्या हाताखालून दुसऱ्याचे धन जाते त्याची मोजदाद कोणत्याही दिवशी, न कळविता व्हावी आणि ती पुरी उतरावी. 30 एप्रिल 2025 च्या रात्री कोणी आमच्या भांडाराची मोजदाद केली असती तर त्यात दासोहगृहातल्या बाईंचे, वसतिगृहाच्या पहारेकऱ्याचे, गाडीवाल्याचे, बागेतल्या म्हाताऱ्याचे धन सापडले असते. महिना संपताच ते आमचे राहिले नव्हते. आम्ही त्याचे नुसते भांडारी होतो, आणि तेवढेही आम्हाला जमले नाही.

व्यापारी बंधू म्हणतील, कायदा सात तारखेपर्यंत मुदत देतो. खरे आहे. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्यापूर्वी आणि त्याहून मोठ्या ठिकाणी दहावा दिवस संपण्यापूर्वी पगार देण्याचा नियम घातला. 2019 च्या वेतन संहितेने महिन्याच्या पगाराला सरसकट सातव्या दिवसाची मर्यादा ठेवली. पण ही शेवटची रेघ आहे. तिच्यापलीकडे गेलात तर गुन्हा, एवढाच तिचा अर्थ. रेघेपर्यंत रेंगाळणे हा आपला हक्क, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

आणि कायद्याचेच म्हणाल, तर जुना कायदा सुट्टीविषयी काय सांगतो तेही पाहा. हुंडी, वचनचिठ्ठी, धनादेश यांचा जो 1881 सालचा परक्राम्य संलेख अधिनियम आहे, त्याच्या 25 व्या कलमात म्हटले आहे की हुंडी किंवा वचनचिठ्ठी पटविण्याचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा निघाला, तर ती त्याच्या आदल्या कामाच्या दिवशी देय झाली असे समजावे. आदल्या, पुढच्या नव्हे. बँकांच्या सार्वजनिक सुट्ट्या ज्या अधिनियमाखाली जाहीर होतात त्याच अधिनियमात हे लिहून ठेवले आहे. सावकाराचे देणे सुट्टीआधी द्यावे हे इतक्या वर्षांपूर्वी ठरले. पगार ही हुंडी नाही, म्हणून हे कलम त्याला लागू होत नाही. तरी मजुराच्या देण्याला सावकाराच्या देण्याइतका तरी मान असावा, एवढे मागणे फार नाही.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी देण्याची रीत आहे. फक्त मार्चचा पगार एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी होतो. सण जवळ असला तर कधी त्याहून आधीही देतात. 2025 साली गणेशचतुर्थी 27 ऑगस्टला होती, तेव्हा महाराष्ट्रातील केंद्रीय कर्मचाऱ्यांना ऑगस्टचा पगार आदल्या दिवशी देण्याचे ठरले होते. महिन्याचे पाच दिवस उरलेले असताना! ती रक्कम आगाऊ समजायची आणि पुढे हिशेबात जुळवून घ्यायची.

मी हेच आमच्या बैठकीत मांडले तेव्हा हिशेबनिसांनी रास्त शंका काढली. सव्वीस-सत्तावीस तारखेला पगार केला तर शेवटच्या तीन-चार दिवसांची हजेरी कोठून आणायची? कोणी गैरहजर राहिला, काम सोडून गेला, तर? पैसे अंगावर पडतील. एका सद्गृहस्थांनीही दुजोरा दिला. माणसांवर एवढा भरवसा टाकू नये, असे त्यांचे म्हणणे.

सद्भक्तहो, येथे थोडे थांबू या. ती बाई 1 तारखेला कामाला लागते. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या त्याच दिवशी पंक्तीत वाढल्या जातात, खाल्ल्या जातात. त्यांचे मोल तिला मिळते तीस दिवसांनी. दुसऱ्या दिवसाचे एकोणतीस दिवसांनी. अशी दर महिन्याला ती आम्हाला आपले कायक उधार देते. व्याज नाही, तारण नाही, चिठ्ठी नाही. एवढा भरवसा तिने आमच्यावर टाकायचा, आणि आम्ही तिच्यावर तीन दिवसांचा टाकायला घाबरायचे! दासोह आपण करतो असे आपण समजतो. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला वही उघडून पाहिले तर कोण कोणाला दासोह घालीत आहे, ते स्वच्छ दिसेल.

बैठकीत मी हे बोललो तेव्हा कोणी काही बोलले नाही. ठराव मात्र झाला.

छोट्या दुकानदार बांधवांची अडचण निराळी आहे, ती मी नाकारीत नाही. गिऱ्हाइकाची उधारी सणाआधी येत नाही, घाऊक व्यापारी थांबत नाही, आणि दुकानातल्या पोराचा पगार या दोघांच्या कात्रीत सापडतो. तरी एवढे करता येते: सणासाठी माल भरताना आधी पगाराची रक्कम बाजूला काढावी, उरलेल्यात माल भरावा. घरकामाच्या बाई, गाडी चालविणारा, गुरे राखणारा यांना तर आपण रोख देतो. तेथे बँकेचे नावही घेता येत नाही.

आणि पगार घेणाऱ्यांशीही दोन शब्द. पगार सणाआधी आला म्हणजे तो वाढला असे नाही. 26 ऑगस्टला हाती आलेला पगार 30 सप्टेंबरपर्यंत पुरवायचा, म्हणजे पस्तीस दिवसांचा महिना. सणाचा बाजार करून आल्यावर दहा तारखेला हात रिकामे होतात आणि मग उचल मागण्याची पाळी येते. लक्कम्मांचे माप येथे उपयोगी पडते. त्या दाणे दिवसाच्या हिशेबाने मोजीत असत. हप्त्याची तारीख ठरविताना ती एक तारीख न घेता पाच किंवा सात घ्यावी. कर्ज घेतानाच तसे सांगावे. नंतर ती बदलून मिळणे अवघड जाते. पगारातून दासोहासाठी जे काढून ठेवायचे तेही पहिल्या दिवशी काढावे, हे आपणांस ठाऊकच आहे.

आता राहिले दासोहगृहातल्या बाईंचे. 590 रुपये आणि कंपनीचा दंड मी माझ्याकडून देऊ केला. "पैसं ऱ्हाऊ द्या अप्पा," त्या म्हणाल्या, "एक तारखेच्या आदी पगार टाका म्हंजे झालं." बराच आग्रह केल्यावर त्यांनी 590 रुपये घेतले. कंपनीच्या दंडाचे अजून काही आलेले नाही, आल्यावर बघू, असे त्यांनीच सांगितले.

संस्थेच्या अनुदानित शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, त्यावर आमचा इलाज नाही. बाकीच्या सर्वांची यादी आता 26 तारखेला तयार होते आणि 28 च्या आत पैसे खात्यावर पडतात. उरलेल्या दिवसांची हजेरी पुढच्या महिन्यात जुळवून घेतो. आतापर्यंत एकदाच एकाचा दोन दिवसांचा फरक आला, तो त्याने स्वतः सांगितला. नव्या वर्षाची दिनदर्शिका येताच हिशेबनीस दोन्ही राज्यांच्या सुट्ट्या त्यावर तांबड्या शाईने मांडून ठेवतात. दुसऱ्या मंजुरीसाठी बँकेत आणखी एक नाव दिले आहे. मी गावी नसलो तर वसतिगृहाचे अधीक्षक ते काम करतात.

हे सगळे ठरल्यावर मी दासोहगृहात सांगायला गेलो. बाई पीठ मळीत होत्या. "बरं झालं," एवढेच म्हणाल्या, आणि संध्याकाळी किती पानं मांडायची ते विचारू लागल्या.